जिभेची साक्ष

‘जुने ते सोने’ ही म्हण आपण इतक्या सवयीने वापरतो, की तिच्यातली गफलत कुणाच्या ध्यानात येत नाही. सोने कधी जुने होतच नाही. शेकडो वर्षे जमिनीत पुरून ठेवले तरी ते जसे पुरले तसेच वर येते. काळ त्याच्या वाटेला जात नाही. उलट ज्या वस्तू जुन्या झाल्यामुळे खरोखर बऱ्या होतात त्यांचा स्वभाव सोन्याचा नसतो. त्या बदलतात, आतल्या आत काही गमावतात, काही कमावतात. तांदूळ वर्षभर जुना झाला की भात मोकळा होतो. लोणचे मुरते. आणि जुनेपणा हा सरसकट साऱ्यांना देण्याचा मान नव्हे, हे आपल्या वैद्यांना पक्के ठाऊक होते. औषधाची द्रव्ये ताजीच वापरावीत असा नियम शार्ङ्गधराने घालून दिला आणि त्याला मोजके अपवाद केले : वावडिंग, पिंपळी, गूळ, धान्य, तूप आणि मध. एवढी मात्र जुनी हवीत. आसवेही जुनी झाल्यावरच गुणाला येतात, असे तो म्हणतो. बाकी सारे ताजे. म्हण करणाराने या वैद्याला एकदा विचारून घ्यायला हवे होते.

काव्याच्या बाबतीत हाच वाद कालिदासाने काढला. ‘मालविकाग्निमित्र’ नाटकाच्या आरंभीच, भासासारख्या नामवंतांना सोडून या नव्या कवीचे नाटक कशाला, असा प्रश्न एक पात्र विचारते आणि सूत्रधार त्याला समजावतो, की काव्य जुने म्हणून चांगले ठरत नाही आणि नवे म्हणून वाईटही ठरत नाही. जाणता मनुष्य पारखून पाहतो, मूढ मात्र दुसऱ्याच्या बुद्धीने चालतो. कालिदास त्या वेळी स्वतःच नवा कवी होता, तेव्हा या उपदेशात त्याचा थोडा स्वार्थ होता हे खरे. पण स्वार्थापोटी सांगितले म्हणून खरे खोटे होत नाही.

या साऱ्यातून दोन प्रश्न उभे राहतात. जुने होण्याची लायकी कशात असते, हा एक. आणि ती आहे की नाही हे कुणी, कशाच्या जोरावर ठरवायचे, हा दुसरा. या प्रश्नांचा विचार मी एका पांढऱ्या वाइनच्या निमित्ताने करणार आहे. दिवाळी अंक घरात सगळे वाचतात, आजीपासून नातवापर्यंत. तेव्हा विषयाचे नाव ऐकून कुणाच्या कपाळाला आठी पडली तर ती मला समजते. आमच्या किनाऱ्यावर दारूने धुऊन नेलेली घरे मी पाहिली आहेत. त्यातल्या काही घरांतली मुले माझ्या वर्गात बसली आहेत. १९४९ सालचा दारूबंदीचा कायदा आपल्या राज्यात अजून जिवंत आहे आणि कागदोपत्री पिणाऱ्याला परवाना लागतोच. २०२२ च्या जानेवारीत मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय सरकारने घेतला तेव्हा केवढे वादळ उठले होते! त्या वादात मी पडत नाही. एवढेच सांगतो, की जे लोक वाइनची चव घेण्याचा धंदा करतात ते घोट तोंडात घोळवतात आणि थुंकून टाकतात. समोर तशी पिकदाणीच ठेवलेली असते. एका बैठकीत पन्नास-पन्नास नमुने पारखायचे, तर गिळून कसे भागेल? म्हणजे चव आणि नशा या दोन गोष्टी वेगळ्या काढता येतात, आणि मला बोलायचे आहे ते पहिलीविषयी.

मालवणात राहणाऱ्या माणसाला काळाचे हे खेळ शिकायला लांब जावे लागत नाही. माडावरून पहाटे उतरवलेला रस गोड असतो. दुपारपर्यंत तो फसफसतो, संध्याकाळी आंबट होतो आणि चार दिवस ठेवला तर त्याचा शिरका होतो. माडीचे तारुण्य एका दिवसाचे. द्राक्षाचा रसही याच रस्त्याने जाणारा. किण्व साखर खाऊन तिचा मद्यार्क करते आणि पुढचा थांबा शिरक्याचा असतो. वाइन करणाराची सारी कला, गाडी त्या थांब्याला पोचण्यापूर्वी थांबवून धरण्यात आहे. आणि आमची सोलकढी? ती तर माडीहूनही अल्पायुषी. सकाळी केलेली कढी दुपारच्या जेवणानंतर उरली तर संध्याकाळी तिचा भरवसा नाही. पण हीच सोलकढी नीट पाहिली तर तिच्यात दोन वयांची गाठ घातलेली दिसते. नारळाचे दूध आत्ताचे, आणि आमसूल गेल्या वर्षीचे. एप्रिल-मेमध्ये रतांबे फोडायचे, साली उन्हात घालायच्या, पुन्हा पुन्हा त्यांच्याच रसात बुडवून वाळवायच्या. मग त्या काळ्या पडतात आणि वर्ष वर्ष टिकतात. दूध टिकत नाही, कारण त्याच्यात गोडवा आणि स्निग्धता आहे. आमसूल टिकते, कारण ते आंबट आहे.

फुलांचेही तसेच. मोगरा संध्याकाळी घर भरून टाकतो आणि सकाळी तपकिरी होऊन केसातून गळतो. बकुळीचे फूल मात्र सुकून दोऱ्यावर खडखडीत झाले तरी वहीच्या पानांत त्याचा वास राहतो. मोगऱ्याला कुणी दोष देत नाही. त्याने टिकण्याचे वचन कधी दिलेच नव्हते.

पांढऱ्या वाइनपैकी बहुतेक सारी मोगऱ्याच्या जातीची आहे. वर्ष-दोन वर्षांत प्यावी, फळांचा ताजा वास घ्यावा आणि विसरून जावे. आपल्या नाशकाची पांढरी वाइनही बहुतांशी याच वळणाची. २००० साली ‘सुला’ची पहिली वाइन बाजारात आली, तीत शेनँ ब्लाँ आणि सॉव्हिन्यों ब्लाँ या दोन पांढऱ्या जाती होत्या. युरोपात द्राक्षे शरद ऋतूच्या तोंडाशी काढतात, आपल्याकडे हिवाळ्याच्या अखेरीस; पण ऊन लागायचे ते लागतेच, आणि उन्हात द्राक्षाचा आंबटपणा भराभर उतरतो. शेनँ ब्लाँ हीच जात फ्रान्समध्ये ल्वार नदीच्या थंड काठी पिकली की तिची वाइन वीस-तीस वर्षे टिकते. बियाणे एक, गाव निराळे.

टिकाऊ पांढऱ्या वाइनच्या जाती थोड्या. जर्मनीची आणि ऑस्ट्रेलियाची रीसलिंग, ल्वारकाठची शेनँ, ऑस्ट्रेलियातल्या हंटर खोऱ्यातली सेमियों. यांतली शेवटची मला फार आवडते, ती तिच्या चरित्रासाठी. तरुणपणी ती इतकी फिकी, पाणचट आणि आंबट असते, की अनोळखी माणूस पेला खाली ठेवून देईल. दहा वर्षांनी तिला भाजलेल्या पावाचा आणि मधाचा वास येऊ लागतो. आणि हे लाकडाच्या पिंपाचा स्पर्शही न होता. मास्तरकी करणाऱ्या माणसाला अशी चरित्रे ओळखीची वाटतात. आठवीत ज्याच्याकडे कुणाचे लक्ष गेले नाही असा एखादा मुलगा पंधरा वर्षांनी बाजारात भेटतो आणि आपण त्याच्याकडे बघत राहतो.

या साऱ्यांत समान काय, तर आम्ल. द्राक्षातले मुख्य आम्ल टार्टारिक. चिंचेतले आम्लही तेच. वाइनमधली जवळजवळ सगळी साखर संपलेली असली की तिला ड्राय म्हणतात. मराठीत ‘कोरडी’ म्हणावे तर आमच्याकडे मे महिन्यात विहीर कोरडी होते, पेय कोरडे कसे होणार! पण कल्पना चांगली आहे. साखर गेली की दोष झाकायला पांघरूण उरत नाही. तरुणपणीचे फळांचे वास दोन-चार वर्षांत उडून जातात, आणि मग ज्या वाइनमध्ये आंबटपणाचा कणा नसतो ती बसते. कणा असेल तर ती उभी राहते आणि हळूहळू दुसरेच काहीतरी होते. रंगसुद्धा बदलतो. लाल वाइन म्हातारपणी फिकी होते, पांढरी गडद होत सोनेरी होते. माणसाची स्तुती करताना आपण गोड स्वभाव, गोड बोलणे असे म्हणतो. आंबट माणसाला कुणी जेवायला बोलावत नाही.

लायकीच्या प्रश्नाचे एवढे उत्तर पुरे. दुसरा प्रश्न अधिक अडचणीचा आहे.

जहाजावरची नोकरी करून निवृत्त झालेले आमचे एक स्नेही गेल्या मे महिन्यात मुंबईहून आले, ते एक बाटली घेऊन. ऑस्ट्रेलियात, अ‍ॅडलेडच्या उत्तरेला क्लेअर नावाचे खोरे आहे, तिथली ही ड्राय रीसलिंग. साल २०१२. पुष्कळ वर्षे ती त्यांच्या फ्रिजमध्ये औषधांच्या शेजारी पडून होती आणि ते बरेच झाले. आमच्या हवेत कपाटात ठेवली असती तर उकाड्याने तिला केव्हाच म्हातारी करून मारली असती. बाटलीला बूच नव्हते, साधे फिरकीचे झाकण होते. क्लेअरच्या वाइनवाल्यांनी २००० च्या हंगामापासून बूच टाकून हे झाकण घेतले, कारण खराब बुचामुळे वाइन नासते. स्नेही याविषयी पुष्कळ वाचलेले. त्यांनी पेल्यांत थोडी थोडी ओतली आणि वास कसा घ्यावा ते सांगू लागले. आधी काही लागेना. फार गार असलेल्या वस्तूला वास नसतो. दहा मिनिटे गेली. तेवढ्यात माझी आते स्वयंपाकघरातून आली. वय ऐंशीच्या पुढे, आयुष्यात दारूला शिवलेली नाही. “काय तां बघूया,” म्हणून तिने पेला नाकाशी नेला आणि लगेच लांब धरला.

“ह्येका रॉकेलचो वास येता रे! बाटली धुवूक नाय काय?”

मी ओशाळून स्नेह्यांकडे पाहिले. त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. जुन्या रीसलिंगला रॉकेलचा वास येतो, हे जगातल्या सगळ्या वाइनच्या पुस्तकांत लिहिलेले आहे. द्राक्षाच्या सालीतल्या रंगद्रव्यांपासून बाटलीत वर्षानुवर्षे एक द्रव्य तयार होत जाते, त्याचे लांबलचक रासायनिक नाव आखडून टीडीएन म्हणतात. त्याचा हा वास. द्राक्षांना ऊन जास्त मिळाले तर तो अधिक येतो. स्नेह्यांना हे तोंडपाठ होते. पण त्यांनी मला नंतर सांगितले, की तोवर त्या पेल्यात त्यांना तो वास प्रत्यक्ष आला नव्हता. येतो आहे असे ते म्हणणार मात्र होते.

आतेने पेला पुन्हा जवळ घेतला. “मागसून लिंबाच्या सालीचो. पण पयलो रॉकेलचोच.” मग तिने पानांकडे पाहिले. त्या दिवशी रव्यात घोळून तळलेली सुरमई होती, तिसऱ्यांचे ओले खोबरे घातलेले सुके होते आणि तिरफळे घातलेले बांगड्याचे तिखले होते. “ह्येच्यावांगडा तिखला नको. तिसऱ्यो दी.”

तिचे बरोबर होते. आम्ही तिघांनी तिन्ही पदार्थांबरोबर घोट घोट घेऊन पाहिले. तिखल्यापुढे ती वाइन एकदम गप्प झाली. मिरचीचा जाळ मद्यार्काने वाढतो, आणि तिरफळाने जीभ बधिर झाल्यावर जुन्या वाइनचे बारीक बोलणे कुणाला ऐकू येणार? सुरमईबरोबर ती लिंबाची फोड पिळावी तशी लागली, तळणाचा तुपकटपणा धुऊन काढणारी. पण तिसऱ्यांबरोबर काहीतरी निराळेच घडले. खोबऱ्याचा गोडवा, शिंपल्यातला खारा रस आणि वाइनचा आंबटपणा एकमेकांत असे बसले, की वाइनमध्ये आधी न लागलेला एक मधासारखा वास वर आला. संगत म्हणतात ती हीच असावी. दोघांपैकी कुणी दुसऱ्याला दाबत नाही आणि एकटे असताना जे दिसत नव्हते ते दिसू लागते. आतेने ते चाखले नाही. ती आपली सोलकढी पीत होती. आणि खरे म्हणजे तिच्या जेवणात पांढऱ्या वाइनचे काम सोलकढी निमूटपणे करीतच होती.

माशाबरोबर लाल वाइन का चालत नाही, याचेही एक कारण सापडले आहे. २००९ साली जपानी संशोधकांनी दाखवून दिले, की वाइनमध्ये लोहाचा अंश जास्त असला की शिंपल्यातल्या मांसाबरोबर तोंडात मागाहून हिवसाण वास येतो, आणि लाल वाइनमध्ये लोह बहुधा अधिक असते. म्हणजे ‘मासळीला पांढरी’ हा नुसता साहेबी रिवाज नव्हे.

लोहावरून एक गोष्ट आठवली. सर्व्हांतेसच्या ‘डॉन किहोते’च्या दुसऱ्या भागात, म्हणजे १६१५ साली, सांचो पान्सा आपल्या दोन नातलगांची कथा सांगतो. दोघांनाही एका पिंपातली वाइन पारखायला दिली. एकाने जिभेचे टोक लावले, दुसऱ्याने नुसते नाकाशी नेले. पहिला म्हणाला, हिला लोखंडाची चव आहे. दुसरा म्हणाला, छे, चामड्याची. मालकाने सांगितले, की पिंप स्वच्छ आहे आणि वाइनमध्ये काही घातलेले नाही. पुढे वाइन विकली गेली, पिंप रिकामे झाले, आणि तळाशी चामड्याच्या वादीला बांधलेली एक बारकी किल्ली सापडली. स्कॉट तत्त्वज्ञ ह्यूम याने १७५७ साली रुचीविषयी एक निबंध लिहिला, त्यात ही गोष्ट घेतली आहे. त्याला दाखवायचे होते ते असे, की रुची म्हणजे ज्याची त्याची लहर नव्हे. वस्तूत काहीतरी खरोखर असते. काहींच्या जिभेला ते कळते, काहींच्या नाही. किल्ली सापडली नसती तरी त्या दोघांची जीभ खोटी ठरली नसती. फक्त लोकांनी त्यांना हसणे थांबवले नसते.

मला या गोष्टीत ह्यूमहून थोडे निराळे दिसते. त्या दोघांची जीभ तल्लख होती हे खरे, पण त्याहून अवघड काम त्यांनी दुसरेच केले. मालक समोर उभा असताना, त्याच्या घरची वाइन पीत असताना, ते म्हणाले, लोखंड लागते. माझ्या स्नेह्यांना ऑस्ट्रेलियाची बाटली आणि तिचे साल यांच्यापुढे ते धैर्य झाले नसते. आतेला ते धैर्य वाटलेच नाही, कारण बाटलीवर काय लिहिले आहे हे तिला ठाऊकच नव्हते.

बाटलीवरची चिठ्ठी माणसाच्या नाकाचे काय करते, याचे दाखले पुष्कळ आहेत. २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये एका इंग्रज वाइनविक्रेत्याने फ्रान्समधल्या नामांकित पारख्यांना बोलावून, फ्रान्सच्या उत्तम पांढऱ्या वाइन आणि कॅलिफोर्नियाच्या नवख्या वाइन चिठ्ठ्या झाकून त्यांच्यापुढे ठेवल्या. पहिली आली ती कॅलिफोर्नियाची, शातो माँटेलेनाची १९७३ सालची शार्दोने. चव घेता घेता एका पारख्याने कॅलिफोर्नियाचा घोट घेऊन, आता फ्रान्समध्ये परतलो, असा सुस्कारा सोडल्याचे त्या वेळी हजर असलेल्या वार्ताहराने नोंदवून ठेवले आहे. आणि २००१ साली बोर्दो येथील संशोधकांनी तर विद्यार्थ्यांची थट्टाच केली. वाइनशास्त्र शिकणाऱ्या ५४ जणांना त्यांनी एक पांढरी वाइन दिली आणि तीच, बिनवासाचा लाल रंग घालून, पुन्हा दिली. लाल दिसणाऱ्या पेल्याचे वर्णन विद्यार्थ्यांनी लाल वाइनच्या शब्दांत केले. ते खोटे बोलत नव्हते. त्यांच्या डोळ्यांनी त्यांच्या नाकाला आधीच पढवून ठेवले होते. यावरून काही लोक म्हणतात, की वाइनची पारख हे सारे थोतांड आहे. मला तसे वाटत नाही. साक्षीदाराला पढवता येते म्हणून साक्ष नावाची वस्तूच नाही, असे कोर्ट म्हणत नाही. ते पढवणाराला बाहेर काढते.

पढवणे शब्दांनीही होते. इंग्रजी पुस्तके उघडली की पांढऱ्या वाइनला गूजबेरीचा, क्विन्सचा, गारगोटीचा वास येतो असे लिहिलेले असते. मालवणच्या माणसाने गूजबेरी कुठे पाहावी? तो ‘गूजबेरी’ म्हणतो तेव्हा त्याला काही आठवत नसते. तो उत्तर पाठ म्हणत असतो. आमच्याकडे कच्ची कैरी आहे, बिमली आहे, करवंदाचा चीक आहे, पिकलेल्या बोंडूचा घसा धरणारा वास आहे, मृगाच्या पहिल्या सरीचा कातळावरून येणारा वास आहे. वेंगुर्ल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरंगी फुलते. तिच्या वळेसरांचा वास ज्याने एकदा घेतला त्याला अर्ध्या जन्माला पुरेल एवढा शब्दकोश मिळतो. आतेला रॉकेल ओळखता आले, कारण तिचे बालपण चिमणीच्या उजेडात गेले. माझ्या वर्गातल्या मुलांना तो वास कधी आलेलाच नाही. त्यांना त्या बाटलीत दुसरे काहीतरी आले असते, आणि त्यांनी ते म्हटले असते तर तेही खरे असते.

मराठी शिकवणाऱ्या माणसाला हा विषय इतका का लागावा, हे आता सांगायला हवे. दहावीच्या परीक्षेत कवितेचे ‘रसग्रहण’ करायला सांगतात. शब्द सुंदर आहे. भरतमुनीने नाट्यशास्त्रात रस म्हणजे काय हे समजावताना जेवणाचाच दाखला घेतला : नाना व्यंजनांनी सिद्ध केलेले अन्न जेवताना प्रसन्न मनाचा माणूस जसा चवींचा आस्वाद घेतो, तसा प्रेक्षक भावांचा घेतो. म्हणजे रसग्रहण हे मुळात जिभेचे काम. आणि आम्ही ते मुलांकडून कसे करून घेतो? बाजारात मार्गदर्शके मिळतात. त्यांत प्रत्येक कवितेचा रस काढून, गाळून, बाटलीत भरून ठेवलेला असतो. मुले ती बाटली पाठ करतात. ‘ही कविता मला फार आवडली, कारण कवीने निसर्गाचे हृदयंगम वर्णन केले आहे.’ चाळीस उत्तरपत्रिकांत चाळीस वेळा हृदयंगम. कुणीही कविता चाखलेली नसते, आणि सगळ्यांना गुण मिळतात.

समुद्राकाठच्या एका वाडीतली मुलगी यंदा माझ्या वर्गात आहे. जूनमध्ये मी वर्गात त्या पिंपातल्या किल्लीची गोष्ट सांगितली होती. ऑगस्टच्या चाचणीत समुद्रावरच्या एका कवितेचे रसग्रहण विचारले. तिने लिहिले, की कवितेतल्या लाटा छान आहेत, पण या समुद्राला वास नाही. जाळी वाळत नाहीत, बर्फ नाही, सुकटीच्या माशा नाहीत. हा समुद्र खिडकीतून बघितलेला आहे. शेवटी लिहिले होते, कविता मला आवडली नाही, पण चौथी ओळ आवडली. चौथी ओळ का आवडली तेही लिहिले होते, आणि ते बरोबर होते.

मी पूर्ण गुण दिले. शाळेतल्या एका सहकाऱ्यांना ते पटले नाही. त्यांचे म्हणणे वावगे नव्हते. बोर्डाचा पेपर तपासणारा कोकणातलाच असेल असे नाही. त्याच्यासमोर दोनशे उत्तरपत्रिका असतील. ‘आवडली नाही’ हे शब्द दिसताच त्याची लाल शाई हात आखडता घेईल. मुलीच्या घरात दहावीपर्यंत पोचलेली ती पहिली. तिला साडेतीन टक्के कमी पडले आणि पाहिजे तिथे प्रवेश मिळाला नाही, तर माझ्या सहृदयतेचे ती काय करील? चव खरी सांगावी हे शिकवायला आम्हांला पगार मिळत नाही, असे ते म्हणाले, आणि मग स्वतःच गप्प झाले.

मुलीनेच एक दिवस मला गाठून विचारले, “सर, मग बोर्डात काय लिहू?”

मी तिला सांगितले, की आधी कवितेत जे आहे ते नीट सांग, एक एक ओळ घेऊन. रंग कोणता, वास कोणता, शब्द कसे बसले आहेत. एवढे तर कवीचे देणेच आहे. मग तुझी जीभ काय म्हणते ते सांग आणि का म्हणते ते सांग. कारण दिलेस तर तपासणारा ऐकेल.

ती थोडा वेळ उभी राहिली. मग म्हणाली, “पण सर, तिथे पिंप रिकामे होतच नाही ना?”

सहामाहीच्या उत्तरपत्रिका दिवाळीच्या सुट्टीत तपासायला घरी आणल्या आहेत. रसग्रहणाचा प्रश्न त्यातही आहे. तिची उत्तरपत्रिका गठ्ठ्यात बरीच खाली आहे. मी अजून तिथवर पोचलेलो नाही.